अहवाल पोहोचल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणू नका

ऑक्टोबर २०२४ च्या एकाच आठवड्यात वाशिम जिल्ह्याला दोन मोठ्या गोष्टी मिळाल्या. ५ तारखेला पोहरादेवीत पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नंगाऱ्याच्या आकाराची ती इमारत आता संत सेवालाल महाराजांच्या समाधीला येणारे भाविक आवर्जून बघून जातात. ९ तारखेला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन झालं, त्यात वाशिमचं नाव होतं. पिढ्यान्‌पिढ्या फिरस्ती केलेल्या समाजाला स्वतःचं संग्रहालय मिळालं, आणि नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या वाशिमला स्वतःचं मेडिकल कॉलेज मिळालं. दोन्हींचा मला आनंद झाला.

माझं भांडण वेगळं आहे. पोहरादेवीच्या आसपासच्या एखाद्या तांड्यातल्या बाईचं रक्त काढलं जातं. ट्यूबवर चिठ्ठी लागते, ट्यूब प्रयोगशाळेत जाते, यंत्र आकडा काढतं. तो आकडा तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या समोर वेळेवर येईलच याची खात्री मात्र कोणी देत नाही. सरकारी कागदावर तपासणी ‘झाली’ असते. माझं म्हणणं असं की ती झालेली नाही. तिच्या हाताला सुई टोचली गेली, एवढंच झालं.

हा मुद्दा तांत्रिक वाटतो म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. रस्ता, पाणी, पीकविमा यांवर मोर्चे निघतात. प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर आणि दवाखान्याचं सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नाहीत, यावर कोण मोर्चा काढणार? पण मुळात हा प्रश्न सॉफ्टवेअरचा कमी आणि गरिबाच्या वेळेचा, पैशाचा आणि जिवाचा जास्त आहे.

आधी भूगोल समजून घेऊ. पोहरादेवी मानोरा तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्याच्या हद्दीजवळ. इथला आजारी माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. तिथून मानोऱ्याला, मग वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात. पण नातेवाईक, बस आणि ओळखीचा डॉक्टर बघून तो दिग्रसला किंवा पुसदलाही जातो. प्रकरण वाढलं की यवतमाळचं किंवा अकोल्याचं मेडिकल कॉलेज. म्हणजे एक माणूस, दोन-तीन जिल्हे, चार-पाच दारं. त्यातली काही दारं सार्वजनिक आरोग्य विभागाची, काही वैद्यकीय शिक्षण विभागाची, उरलेली खासगी. प्रत्येक दारावर नवा केसपेपर आणि नवा नंबर. वर दिवाळीच्या आगेमागे अर्धा तांडा ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर निघून जातो.

एके काळी बंजाऱ्यांची लदेणी सबंध देशात धान्य आणि मीठ पोहोचवत होती. हजारो बैलांच्या पाठीवरचा माल ठरल्या ठिकाणी जात होता. रेल्वे आणि पक्के रस्ते आले आणि तो धंदा बुडाला. आज त्याच समाजाची बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत आपले रिपोर्ट घेऊन दारोदार फिरते. देशाचा माल वाहून नेणाऱ्यांच्या लेकीसुनांना आपल्या रक्ताचा आकडा स्वतःच वाहून न्यावा लागतो. पावसात पिशवी भिजली किंवा घाईत घरी राहिली, तर सगळं पहिल्यापासून.

माझी एक खाला याच पट्ट्यात राहते. साखरेचा आजार जुना, आता किडनीवर आला आहे. मध्यंतरी बारा दिवसांत तीन ठिकाणी तिचं क्रिएटिनिन तपासलं गेलं. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आधीचं आमच्याकडं दिसत नाही, पुन्हा करावं लागंल.” खाला माझ्याकडे बघून म्हणाली, “बेटा, खून तो दे दिया था ना वहां?” तिचा प्रश्न बरोबर होता. तिच्या लेखी सरकारी दवाखाना हा एकच आहे. एका खिडकीत दिलेलं रक्त दुसऱ्या खिडकीला माहीत असायला हवं, एवढी साधी तिची समजूत. किडनीच्या आजारात एकटा आकडा फार काही सांगत नाही. मागच्या महिन्यात किती होता, त्याआधी किती होता, चढ किती वेगाने आहे, त्यावर औषध ठरतं. तीन ठिकाणचे तीन आकडे एका ओळीत आले असते तर डॉक्टरला तो चढ दिसला असता. तिन्ही ठिकाणी तो ‘पहिलाच’ रिपोर्ट होता.

आता यंत्राकडे वळू. रक्त तपासणारं आधुनिक यंत्र आकडा स्वतः काढतं आणि वायरमधून बाहेर पाठवू शकतं. ही सोय आजची नाही, कित्येक वर्षांची आहे. त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर असावं लागतं. ट्यूबवरचा बारकोड वाचून ते आकडा योग्य रुग्णाच्या नावावर लावतं. तिथून तो आकडा दवाखान्याच्या नोंदप्रणालीत जायला हवा, आणि ‘मिळाला’ अशी पोच परत यायला हवी. पोच आली नाही तर निरोप पुन्हा गेला पाहिजे. जोडणी म्हणतात ती एवढीच.

जोडणी नसेल तर काय होतं? तंत्रज्ञ यंत्राच्या पडद्यावरचा आकडा रजिस्टरमध्ये उतरवतो. रजिस्टरमधून तो कोणीतरी संगणकावर चढवतो. तिथून छापील कागद निघतो आणि डॉक्टर तो पाहून केसपेपरवर पुन्हा लिहितो. एक आकडा तीन-चार हातांतून जातो. १.२ चा १२ व्हायला एक टिंब गळणं पुरेसं आहे. दिवसाला शेकडो नमुने हाताळणाऱ्या, बहुतेक वेळा कंत्राटी असलेल्या तंत्रज्ञाला यासाठी दोष देणं हा अन्याय आहे. त्याच्यावर हे ओझं टाकणारी व्यवस्था दोषी आहे.

‘पण आता रिपोर्ट ऑनलाइन मिळतो,’ असं उत्तर लगेच येतं. मिळतो, मान्य. आपल्या राज्यात २०१७ पासून एचएलएल लाईफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत महालॅब चालते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुना गोळा होतो, मोठ्या प्रयोगशाळेत जातो, तपासणी मोफत होते. ज्या गावात साधी साखर तपासायला पन्नास कोस जावं लागायचं, तिथे ही योजना म्हणजे मोठा दिलासा आहे. तिची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण अहवाल कुठल्या तरी संकेतस्थळावर, मोबाईलवर किंवा पीडीएफमध्ये ‘मिळाला’, म्हणजे डॉक्टरच्या नोंदीत तो ‘जोडला गेला’ असं होत नाही. पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. माणसाला तो वाचता येतो, पण दवाखान्याच्या प्रणालीला तो आकडा म्हणून वापरता येत नाही. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं तर नर्सच्या पडद्यावर लाल इशारा यावा, असं वाटत असेल तर तो आकडा आकडा म्हणूनच पोहोचला पाहिजे.

आणि नुसता आकडा पोहोचूनही भागत नाही. प्लेटलेट घ्या. एक प्रयोगशाळा लिहिते १.५, म्हणजे दीड लाख. दुसरी लिहिते १५०, म्हणजे दीडशे हजार. तिसरी लिहिते १,५०,०००. तिन्ही एकच आहेत, पण संगणकाला ते कोण सांगणार? साखर आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो, अनेक देशांत ती मिलिमोलमध्ये मोजतात. तिथली ७ म्हणजे आपली १२६. तपासणीच्या नावांचंही तेच. एक यंत्र ‘एचबी’ म्हणतं, दुसरं ‘एचजीबी’, तिसरं पूर्ण ‘हिमोग्लोबिन’.

यावर उपाय शोधायला आता कोणाला अमेरिकेचा दौरा काढायची गरज नाही. ‘लॉइंक’ नावाची संकेतांकांची यादी इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेत १९९४ मध्ये सुरू झाली. तीत प्रत्येक तपासणीला एक क्रमांक आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा क्रमांक ७१८-७. यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, क्रमांक तोच. ही यादी वापरायला पैसे लागत नाहीत. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली, आणि त्यात लॉइंक आहे. म्हणजे नियम लिहून झालेला आहे. पाळण्याची सक्ती कोणावर आहे, हा खरा प्रश्न.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि ‘आभा’ नावाचा चौदा अंकी क्रमांक आला. तेव्हापासून किती आभा क्रमांक निघाले याचे आकडे आपण ऐकतो. शिबिरं लागतात, उद्दिष्टं दिली जातात, आशाताई मोबाईल घेऊन दारोदार फिरतात. पण क्रमांक काढणं म्हणजे घरावर पत्त्याची पाटी लावणं. पत्र येतंय का, ते कोण मोजणार? क्षयरोग्याला २०१२ पासून निक्षयचा क्रमांक आहे. गरोदर बाईला माता-बाल नोंदणीचा वेगळा. विमा योजनेच्या कार्डाचा वेगळा. दवाखान्याच्या प्रत्येक खिडकीचा वेगळा. एवढे क्रमांक असूनही डॉक्टर विचारतो तेच: “जुने कागद आणले का?”

सिकलसेलचं उदाहरण विदर्भाला जवळचं आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७ चं लक्ष्य ठेवून. गावपातळीवर होणाऱ्या साध्या सोल्युबिलिटी तपासणीतून रक्तात दोष आहे एवढं कळतं. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, ते कळत नाही. त्यासाठी दुसरी, मोठी तपासणी लागते आणि ती मोठ्या प्रयोगशाळेत होते. दोन तपासण्या, दोन जागा, मध्ये काही दिवस. दुसरा अहवाल पहिल्या नोंदीला जोडला गेला नाही, तर त्या मुलीला फक्त ‘काहीतरी निघालं’ एवढंच माहीत असतं. त्या अर्धवट माहितीवर तिचं लग्न मोडतं, किंवा दोन वाहकांचं लग्न होतं आणि पुढे लेकरू दुखण्यात वाढतं. प्रयोगशाळेच्या हिशेबात मात्र दोन्ही तपासण्या पूर्ण.

आता नावाचा घोळ. हा मला जरा जास्त कळतो. मुसलमानाच्या नावाची सरकारी दप्तरात काय गत होते ते आमच्या घरातली ओळखपत्रं एकत्र ठेवली की दिसतं. शेख, शैख, नुसतं ‘शे.’, मोहम्मद, मोहंमद, ‘मो.’. इंग्रजीत तर त्याचं एमडी होतं आणि कारकून विचारतो, “डॉक्टर आहात का?” तांड्यांचा प्रश्न याच्या बरोबर उलटा. तिथे स्पेलिंग जुळतं, माणूस जुळत नाही. राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे या पाच-सहा आडनावांत अख्खी वस्ती. एकाच नावाचे, एकाच वयाचे दोघे एकाच गल्लीत सहज सापडतील. आमच्याकडे एका माणसाचे चार रुग्ण होतात, त्यांच्याकडे चार माणसांचा एक रुग्ण. एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर चढणं हे अहवाल न पोहोचण्यापेक्षाही भयंकर आहे. म्हणून जोडणी करायची तर नुसत्या नावावर नको. क्रमांक, जन्मवर्ष आणि मोबाईल यांपैकी किमान दोन गोष्टी रक्त काढण्याआधी, रुग्णासमोर पडताळल्या पाहिजेत. तिथे चुकलेलं पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. लोक म्हणतात, सगळं जोडलं तर सरकारला आमचं सगळं कळेल. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या जमातींची नोंदणी कशासाठी केली होती, ते विमुक्त जाती म्हणून नोंद असलेल्या बंजारा समाजाला कोणी शिकवायला नको. १९५२ मध्ये तो कायदा गेला, यादीची भीती गेली नाही. मुसलमानांनाही याद्यांबद्दल काळजी वाटण्याची कारणं आहेत. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि देशातलं एक नामांकित रुग्णालय कित्येक दिवस हाताने लिहीत बसलं. पण जोडणं म्हणजे सगळं एका गोदामात भरणं नव्हे. अहवाल जिथे तयार झाला तिथेच राहावा, रुग्णाने परवानगी दिली तर ज्या डॉक्टरला दाखवायचा त्याच्यापर्यंत जावा. आभाची रचना कागदावर अशीच आहे, आणि आभा काढणं ऐच्छिक आहे. म्हणून परवानगी खरी असली पाहिजे. बाईला तिच्या भाषेत विचारलं पाहिजे. ‘अंगठा लावा, ओटीपी सांगा’ म्हणजे परवानगी नव्हे. आणि आभा नाही म्हणून कोणाला खिडकीवरून परत पाठवता कामा नये.

दुसरा आक्षेप नेटवर्कचा. तो मला पटत नाही. पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेत चहाच्या टपरीवरही मोबाईलने पैसे देणारे दिसतात. दहा रुपये एका बँकेतून दुसऱ्या बँकेत काही सेकंदांत जातात. यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हा बँका, त्यांची सॉफ्टवेअरं सगळी वेगवेगळीच होती. पण निरोपाचा नमुना एकच ठरला आणि तो पाळल्याशिवाय कोणत्याही बँकेला त्या व्यवहारात येता आलं नाही. ‘तुमचे दहा रुपये आमच्याकडे दिसत नाहीत, पुन्हा द्या,’ असं चहावाला म्हणत नाही. रक्ताच्या रिपोर्टबाबत असं रोज म्हटलं जातं आणि आपण निमूट पुन्हा हात पुढे करतो. फरक तंत्राचा नाही. पैसा हरवला तर बँकेला जाब द्यावा लागतो, रिपोर्ट हरवला तर कोणालाच नाही. आणि नेटवर्क नसेल तेव्हा निरोप थांबून राहतो, नेटवर्क आलं की जातो. ही सोय करता येते, करून घ्यावी लागते.

तिसरं उत्तर असं की ‘काम सुरू आहे’. असेलही. सार्वजनिक आरोग्य विभागाने सी-डॅकची ई-सुश्रुत प्रणाली घेतली, वैद्यकीय शिक्षण विभागाने एनआयसीची ई-हॉस्पिटल. दोन्ही सरकारी संस्थांनी बनवलेल्या. पण तांड्यातली बाई दोन्ही विभागांची रुग्ण आहे. ती एका विभागाच्या दवाखान्यातून दुसऱ्या विभागाच्या रुग्णालयात गेली की तिचा अहवाल तिच्यासोबत गेला पाहिजे. शिवाय जुना धडा विसरू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतली आधीची संगणक प्रणाली कंपनी आणि शासनाच्या वादात जुलै २०२२ मध्ये बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले. करार करताना ‘प्रणाली बंद झाली तर जुन्या नोंदी कोणाच्या, कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत द्यायच्या’ हे लिहिलेलं नसेल, तर रुग्णांची वर्षानुवर्षांची माहिती त्या वादात ओलीस पडते.

म्हणून माझी मागणी एका वाक्यात सांगतो. प्रयोगशाळेचं बिल नमुन्यांच्या संख्येवर काढू नका, पोहोचलेल्या अहवालांवर काढा. तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरच्या प्रणालीत, योग्य रुग्णाच्या नावावर, ठरलेल्या संकेतांकासह आणि एककासह आकडा गेला आणि त्याची पोच आली, तरच पैसे. अट करारात घाला. हे झालं की जोडणी कशी करायची यावर चर्चासत्रं भरवावी लागणार नाहीत. ज्याचं बिल अडतं तो रस्ता शोधतो. ही अट एकतर्फी नको. दवाखान्याच्या बाजूचं दार उघडं ठेवणं, म्हणजे निरोप घेणारी प्रणाली चालू ठेवणं, ही शासनाची जबाबदारी. ते दार बंद असेल तर प्रयोगशाळेचं बिल अडवता येणार नाही.

दुसरी गोष्ट, दर महिन्याला जिल्हानिहाय तीन आकडे जाहीर करा: किती नमुने घेतले, किती अहवाल डॉक्टरच्या नोंदीत पोहोचले, आणि त्याला किती तास लागले. वाशिम आकांक्षित जिल्हा आहे, त्याची मोजणी दिल्लीतून होते. त्या मोजणीत हे तीन आकडे येऊ द्या. किती आभा काढले यापेक्षा ते कितीतरी जास्त सांगतील.

आणि सुरुवात पोहरादेवीपासून करा. रामनवमीला इथे महाराष्ट्रासह तेलंगणा, कर्नाटकातून लाखो लोक येतात. यात्रेच्या आरोग्य शिबिरात साखर, रक्तदाब तपासून आकडा चिठ्ठीवर लिहिला जातो आणि ती चिठ्ठी प्रसादाच्या पुडीसोबत खिशात चुरगळते. ज्याची साखर तीनशे निघाली तो आदिलाबादला परतल्यावर तिथल्या डॉक्टरला ते कळावं, अशी व्यवस्था एका यात्रेपुरती उभी करून दाखवा. राज्याच्या सीमेपलीकडे एक आकडा धड पोहोचवता आला, तर मानोऱ्याहून यवतमाळला पोहोचवणं जड जाणार नाही.

तोवर वाचकांनी एक करावं. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा खिडकीवर विचारा, “हा रिपोर्ट माझ्या डॉक्टरच्या नोंदीत आपोआप जाणार का, की मीच आणून द्यायचा?” उत्तर ‘तुम्हीच आणा’ असं आलं, तर तेच उत्तर जिल्हा शल्यचिकित्सकांना एका साध्या अर्जात लिहून कळवा आणि अर्जाची पोच घ्या.